वारुळाबाहेरचे तीन ठोके

मुलांनो, ही गोष्ट मला नीट आठवते आहे, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. चंद्रपूरकडच्या एका जंगलात मडावी नावाच्या वनरक्षकाने ती मला सांगितली, एवढे नक्की. ठोके तीन होते की चार, याबद्दल मला शंका आहे. मी तीन धरतो. गोष्टीत मडावीचे किती आणि नंतर मी घातलेले किती, हेही आता वेगळे काढता येत नाही. पण तुम्ही दर वेळी मला एकच प्रश्न विचारता. ताऱ्यांपाशी कुठे कोणी राहते का, आणि राहत असेल तर ते आपल्याशी बोलत का नाही? मी छत्तीस वर्षे रेडिओ दुर्बिणींच्या मोठमोठ्या तबकड्या आकाशाकडे वळवून ऐकण्यात घालवली, तरी तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे या गोष्टीहून बरे उत्तर नाही. तेव्हा ती जशी येते तशी ऐका.

ऐन आणि तेंदूच्या एका जंगलात वाळव्यांचे एक वारूळ उभे होते. वर माणसाच्या खांद्याला लागेल एवढे उंच, आणि जमिनीखाली त्याहून खोल. आत हजारो वाळव्या राहत. सगळ्या एकाच आईच्या लेकी, म्हणून सगळ्या एकमेकींना ताई म्हणत. भांडतानाही ताईच म्हणत. कामकरणी माती वाहत, खायच्या बुरशीची बाग राखत आणि सगळ्यांना भरवत. सैनिक वाळव्या पहारा देत. सैनिकांचे जबडे इतके मोठे असतात की त्यांना स्वतः खाता येत नाही. कामकरणीने घास भरवला तरच त्यांचे पोट भरते. डोळे त्यांच्यापैकी कोणालाच नव्हते, आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेही नव्हते.

त्यांची एक रीत होती. धोका जाणवला की पहारेकरीण आपले डोके भुयाराच्या भिंतीवर आपटे. ते ऐकून पुढची पहारेकरीण डोके आपटे, तिचे ऐकून त्यापुढची. कशाबद्दल, हे कोणी कोणाला विचारत नसे. कामकरणींच्या कानावर ठोका आला की तोंडातले ढेकूळ तिथेच टाकून त्या खालच्या तळघराकडे पळत. आई तिथे राहत असे, अंडीही तिथेच असत. एक श्वास घेऊन सोडावा एवढ्यात सगळ्या वारुळाला खबर लागे.

वारुळाच्या पूर्वेला सर्वांत लांबचे भुयार होते. ते एका ऐनाच्या मुळापाशी जाऊन संपत असे. तिथे एक म्हातारी पहारेकरीण होती. एके दिवशी तिला मातीतून तीन ठोके ऐकू आले. मग थोडी उसंत, आणि पुन्हा तीन. वारुळातले धोक्याचे ठोके असे नसत. ते न थांबता पडत. शिवाय वारुळातले ठोके तिच्या पाठीमागून यायला हवेत. हे समोरून येत होते, आणि तिच्यासमोर वारूळ नव्हते.

ती मागे फिरली आणि थेट बैठकीत गेली. बैठकीत एका शहाण्या वाळवीचे फार चाले. तिने वारुळातले प्रत्येक भुयार मिशांनी मोजले होते, आणि ती मापे तिला तोंडपाठ होती.

"ताई, बाहेर कोणीतरी आहे," पहारेकरीण म्हणाली.

"बाहेर म्हणजे कुठं?" शहाणीने विचारले.

"ऐनाच्या मुळापलीकडं."

"ऐनाच्या मुळापलीकडं काही नसतं. तिथं भुयार संपतं."

"भुयार संपतं, ताई. माती कुठं संपते?"

बैठकीत थोडी खसखस पिकली. शहाणीने ती विरू दिली, मग समजुतीच्या सुरात ती बोलू लागली. "हे बघ, राहायला काय काय लागतं? ओलावा लागतो, फार नाही आणि कमीही नाही. ऊब लागते. बुरशी लागते. आणि सगळ्यात आधी आई लागते. एवढं सगळं एका जागी जुळून येणं किती अवघड आहे, याचा विचार केलायस? ते एकदाच जुळलं. इथं."

"तू दुसरीकडं बघितलंस का?" माती वाहून आलेल्या एका कामकरणीने मधेच विचारले. ही कामकरीण तोंडाने फटकळ होती, पण कामाला वाघीण होती, म्हणून तिला कोणी गप्प करत नसे.

"बघायची गरज काय? इथलं सगळं मोजलंय मी," शहाणी म्हणाली. "आणि दुसरं असं की, बाहेर कोणी असतं तर आतापर्यंत आपल्याकडे आलं नसतं का?"

"आपण तरी कुठं गेलोय, ताई, कोणाकडं?" कामकरीण म्हणाली.

तेवढ्यात बुरशीच्या बागेवरची एक वाळवी घाबऱ्याघाबऱ्या म्हणाली, "असलंच कोणी, तर गप्प बसा, बायांनो. आपण हूं की चूं केलं की त्यांना आपला पत्ता लागेल. मग येतील आणि बाग खाऊन जातील."

"म्हणजे बाहेर कोणी नाही, आणि ते आपली बाग खायला येणार," कामकरीण म्हणाली. "एक काहीतरी ठरवा."

मी स्वतः अशा पुष्कळ बैठकांना बसलो आहे. त्यामुळे यातली काही वाक्ये मडावीची नसून माझ्या जुन्या सहकाऱ्यांची असण्याचा संभव आहे. एक-दोन माझीच असतील, असाही मला संशय आहे.

शेवटी असे ठरले की बाहेर कोणी आहे किंवा नाही, हे रीतसर ऐकून पाहावे. त्यासाठी सगळ्या वारुळाने एकाच वेळी गप्प बसायला हवे. आणि सगळ्या वारुळाला एकाच वेळी काही सांगायचे तर एकच उपाय त्यांना माहीत होता : ठोका.

तेव्हा आदल्या दिवशी तोंडोतोंडी सूचना फिरली. उद्या जो ठोका पडेल तो धोक्याचा नसून शांततेचा समजावा. दुसऱ्या दिवशी बैठकीच्या दारातल्या पहारेकरणीने शांततेचा ठोका दिला. पुढचीने तो ऐकला आणि रीतीप्रमाणे पुढे दिला, तिच्या पुढचीने आणखी पुढे. वारुळाच्या टोकांना जाऊन तो परत फिरला, तेव्हा ज्यांनी आधी दिला होता त्यांनी तो पुन्हा ऐकला, आणि ऐकला म्हणून पुन्हा दिला. सूचना पोचली नव्हती अशा निम्म्या कामकरणी तळघराकडे पळाल्या. उरलेल्या निम्म्या त्यांना "अगं, शांतता आहे, शांतता आहे" असे ओरडून सांगत त्यांच्यामागे पळाल्या. बराच वेळ वारूळ नुसते खडखडत राहिले.

"काय ऐकू आलं?" ते थांबल्यावर शहाणीने विचारले.

"ठोके," सगळ्या म्हणाल्या.

"कोणाचे?"

"आपलेच, ताई."

"मग?" शहाणी म्हणाली.

पहारेकरीण म्हणाली, "ताई, आपण ठोका न देताच गप्प बसलो तर?"

"न सांगता गप्प बसणं म्हणजे नुसतं गप्प बसणं. त्याला ऐकणं म्हणत नाहीत," शहाणी म्हणाली. "आज घोटाळा एवढाच झाला की ठोका खालपर्यंत नीट पोचला नाही. पुढच्या वेळी जोरात देऊ."

पुढच्या वेळी तो जोरात दिला. त्याच्या पुढच्या वेळी दोन्ही दारांतून एकदम दिला. असे सात वेळा झाले, आणि साती वेळा वारुळाने स्वतःचाच खडखडाट मन लावून ऐकला. मडावी हे सांगताना हसत होता. मला हसू आले नाही. मी त्याला विचारले की त्या हजारोंत एकीलाही चूक कळली नाही का? तो म्हणाला, "कळली असेल, साहेब. पण ठोका ऐकल्यावर गप्प राहायचं धाडस कोण करणार?"

सातव्या वेळेनंतर बैठकीने निकाल दिला. वारुळाबाहेर कोणी नाही. जे ऐकू येते तो आपलाच आवाज. आणि पुन्हा अशा अफवा उठू नयेत म्हणून एक नियमही केला. वारुळाच्या आतून आलेला ठोकाच पुढे द्यायचा. बाहेरून आल्याचे सांगून कोणी ठोका दिला, तर तिला यापुढे कोणी घास भरवणार नाही.

म्हातारी पहारेकरीण आपल्या जागेवर परत गेली. ठोके येतच होते. तीन, उसंत, तीन. आता ती नीट ऐकू लागली तेव्हा तिच्या ध्यानात आले की पहिल्या दिवशी ते पुष्कळ डोक्यांचे होते; आता तेवढी डोकी नव्हती. आणि पूर्वी ते लांबून येत, आता जवळून येत होते. याचा अर्थ काय, ते तिला कळेना. उत्तर द्यायला हवे, एवढेच कळत होते. ते थांबायच्या आत द्यायला हवे होते. पण दिले तर ती उपाशी मरणार होती.

ती फटकळ कामकरीण तिला भरवायला येत असे. त्या दिवशी आली, तर पहारेकरीण भिंतीला डोके टेकून उभी होती, आणि तिचे डोके ठोका देण्यासाठी थरथरत होते.

"आधी खाऊन घे," कामकरीण म्हणाली. "नंतर काय डोकं फोडायचं ते फोड."

पहारेकरणीने घास घेतला.

"कशाबद्दल ठोकतायत ते, काही कळतंय का?"

"नाही."

"मग पुढं काय देणार तू? कपाळ?"

"आपल्यातला ठोका ऐकल्यावर आपण कधी विचारलंय, ताई, कशाबद्दल म्हणून?"

"ते आपलं असतं," कामकरीण म्हणाली. "आपल्यांना काय विचारायचं?"

"मला माती खोदता येत नाही," पहारेकरीण म्हणाली. "बाग राखता येत नाही. तुझ्यापुढं तोंड उघडल्याशिवाय घास खाता येत नाही. ऐकलेलं पुढं देणं एवढं एकच मला येतं. आणि नेमकं तेच करायचं नाही म्हणून सांगितलंय."

"हे बघ ताई, तू ठोकलंस तर मला येता येणार नाही. मी आले तर माझंही तोंड शिवतील."

"माहीत आहे."

"मग गप्प राहा ना. त्यांना आहेत त्यांच्या बहिणी."

"असतील," पहारेकरीण म्हणाली. "आज कमी आहेत."

कामकरीण परत गेली. दुसऱ्या दिवशी समोरून एकाच डोक्याचे ठोके येत होते. तीन. बराच वेळ काही नाही. मग तीन. त्याहून जास्त वेळ काही नाही. मग दोन.

पहारेकरणीने तिसऱ्याची वाट पाहिली. तो आला नाही. तेव्हा तिने डोके उचलले आणि भिंतीवर तीनदा आपटले. उसंत घेतली, आणि पुन्हा तीनदा आपटले.

तिच्या मागच्या पहारेकरणीला हे ठोके चमत्कारिक वाटले. पण ते वारुळाच्या आतून आले होते, म्हणजे नियमात बसत होते. तिने ते पुढे दिले. तिच्या पुढचीने दिले. तीन ठोक्यांचा अर्थ कोणालाच माहीत नव्हता, आणि हे शांततेचे ठोके आहेत अशी सूचनाही कोणी फिरवली नव्हती. म्हणून सगळ्या कामकरणी, बागेवरच्यांसकट, बैठकीतल्यांसकट, तळघराकडे पळाल्या. तिथे इतकी दाटी झाली की शहाणीचे पाय जमिनीला लागेनात.

"कोणी ठोकलं?" तिने विचारले.

"पूर्वेकडून आलं."

"तीन म्हणजे काय?"

"ते नंतर विचार, ताई, आधी पुढं सरक. माझ्या मिशीवर उभी आहेस."

"त्या म्हातारीचंच काम हे," शहाणी दोघींच्या मधून कसेबसे तोंड काढून म्हणाली. "तिला आजपासून घास नाही. सगळ्यांनी ऐकलं ना? आजपासून—"

तिचे वाक्य पुरे झाले नाही, कारण वारुळाचे छप्पर गेले.

ते अस्वल होते. अस्वल म्हणजे काय, हे वाळव्यांना कधीच कळले नाही. पण मडावीला माहीत होते आणि तुम्हालाही कळलेले बरे. ते पूर्वेकडून एकेक वारूळ फोडत आले होते. नखांनी वरची माती उकरायची, तोंड आत घालून माती फुंकून उडवायची आणि वाळव्या ओढून घ्यायच्या, असा त्याचा क्रम होता. या वारुळाचाही वरचा भाग त्याने फोडला. बुरशीची अर्धी बाग गेली, वरच्या मजल्यावर पहाऱ्याला उभ्या असलेल्या पुष्कळशा सैनिक वाळव्या गेल्या. पण बाकीच्या सगळ्या तळाला होत्या. तिथपर्यंत त्याचे तोंड पोचले नाही. थोडा वेळ फुरफुरून ते कंटाळले आणि निघून गेले. आई वाचली, अंडी वाचली. ऐनाच्या मुळापाशी उभी असलेली म्हातारीही वाचली.

छपराला माती लावून झाल्यावर बैठक भरली. तुम्हाला वाटेल, आता तरी त्यांना कळले असेल. मलाही वाटले होते.

"आपलं वारूळ किती जागं आहे हे यावरून दिसतं," शहाणी म्हणाली. "पहारेकरणीला माती हादरलेली आधीच जाणवली. हे आपल्याच वारुळात होऊ शकतं."

"मला काहीच जाणवलं नाही, ताई," पहारेकरीण म्हणाली. "मला सांगितलं."

"कोणी?"

"बाहेरच्यांनी."

"बाहेर कोणी नाही. सात वेळा ऐकून ठरलंय ते."

पहारेकरणीने आपले मोठे, निरुपयोगी जबडे मिटून घेतले. मग ती म्हणाली, "आता नसतील, ताई. आता तुझं बरोबर आहे."

यावर बैठक थोडा वेळ गप्प होती. तेवढ्या वेळात ठोका न देता सगळे वारूळ शांत झाले होते, पण ते कोणाच्या ध्यानात आले नाही. मग निकाल झाला. पहारेकरणीने नियम मोडला हे खरे, आणि जीव वाचले हेही खरे. म्हणून तिला यापुढे अर्धा घास मिळावा. बैठकीनंतर फटकळ कामकरीण तो अर्धा घास घेऊन पूर्वेच्या भुयारात गेली. थोड्या वेळाने ती पुन्हा एकदा गेली.

पण त्याआधी, बैठक उठणार एवढ्यात वारुळाच्या पश्चिमेच्या टोकावरची पहारेकरीण पुढे आली. तिला बोलायची फारशी सवय नव्हती.

"एक सांगायचं राहिलं, ताई. त्या दिवशी ते तीन ठोके मीही दिले. मी शेवटची, माझ्यापुढं कोणी नाही. पण मी दिल्यावर बाहेर कोणीतरी तीन ठोके दिले. मग त्याच्यापुढं तीन. मग त्याच्याही पुढं. मी ऐकत होते. लांब लांब गेले ते."

"प्रतिध्वनी असेल," शहाणी म्हणाली. "आपलेच ठोके कुठल्यातरी दगडावर आपटून परत आले."

"परत नाही आले, ताई. गेले."

शहाणीने विचार केला. "प्रतिध्वनी कधीकधी जातातही," ती म्हणाली, आणि बैठक उठली.

मडावीने गोष्ट इथेच थांबवली आणि तो चुलीवरचा चहा उतरवायला गेला. तात्पर्य त्याने सांगितले नाही. मी ते दोनदा लिहून दोनदा खोडले, कारण दोन्ही वेळा ते शहाणीने लिहिल्यासारखे वाटत होते. हे तिसरे आहे, आणि हेही बरोबर असेल याची मला खात्री नाही.

तात्पर्य : पलीकडे कोणी आहे का, असे विचारणाऱ्याने आधी आपला खडखडाट थांबवावा, आणि काही ऐकू आलेच, तर ते कोणाचे हे ठरवत न बसता पुढच्याला द्यावे.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी कीटकांचा अभ्यास करणाऱ्यांचे निबंध मिळवून वाचले आणि एवढी एक गोष्ट पडताळून घेतली. सैनिक वाळव्या धोक्याच्या वेळी खरोखरच डोके जमिनीवर आपटतात. पण एकीचा ठोका मातीतून जेमतेम हातभर पोचतो, आणि त्यापलीकडे तो ऐकू जातो तो केवळ पुढे कोणीतरी वाळवी असते आणि ती तो उचलून पुन्हा देते म्हणून.